खंडेनवमीला बंद केलेला फ्रीजर

वजा एकोणीस, वजा वीस, वजा एकोणीस. हे तीन आकडे मी एका सोमवारी सकाळी एका बैठकीत लिहिले. पहिला आणि तिसरा निळ्या पेनानं, मधला काळ्यानं. तिन्ही खोटे आहेत. आजवर हे कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

कोल्हापुरातल्या एका विज्ञान संस्थेत मी प्रयोगशाळा सहायक आहे. बी.एस्सी. झाल्यावर तात्पुरता म्हणून चिकटलो आणि तिथंच केस पांढरे झाले. सगळे मला मामा म्हणतात, माझ्याहून मोठे असलेलेसुद्धा. काचेची भांडी धुणं, द्रावणं करून ठेवणं, यंत्रांची निगा राखणं आणि फ्रीजरच्या दारावर अडकवलेल्या वहीत रोजचं तापमान लिहिणं ही माझी कामं. सुट्टीच्या दिवशीही सकाळी एकदा येऊन बघायचं असा नियम होता. मी कसबा बावड्यात राहतो, स्कूटरवर दहा मिनिटं. म्हणून तेही माझ्याकडेच.

ज्या मुलीबद्दल सांगायचंय ती पेठ वडगावहून एसटीनं यायची. पीएच.डी. करत होती. तिच्या वडिलांचं तिथं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान. घरात एवढं शिकलेली ती पहिलीच. प्रयोगशाळेत बोलताना नीट पुस्तकी बोलायची, माझ्याशी मात्र गावाकडचं.

तिच्या कामासाठी परदेशातून एक प्रोटीन मागवलं होतं. कित्येक महिने वाट बघितल्यावर एकदाचा थर्माकोलचा डबा आला. आम्ही दोघांनी मिळून तो उघडला. आत इंजेक्शनच्या बाटलीपेक्षाही लहान कुपी आणि तिच्या तळाशी गोठलेले दोन-चार थेंब. वर इंग्रजीत लिहिलेलं होतं की हे माणसाच्या दृष्टिपटलातलं, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्यातलं प्रोटीन आहे आणि फक्त संशोधनासाठी आहे. मी हात मागं घेतला.

"कुणाचा डोळा काढला असंल गं ह्यासाठी?"

"न्हाय वो मामा. माणसाची नुसती कृती घेतलीया. ती जिवाणूच्या पोटात घालायची, मग त्यो बसतोय बनवत. दुधाला विरजण लावल्यागत."

"म्हंजे जिवाणूनं केलेला माणसाचा डोळा."

"डोळा न्हाय. डोळ्यातला एक कामगार म्हना."

मग तिनं समजावून सांगितलं. डोळ्यांवर उजेड पडतो आणि पुढच्या क्षणी डोळा सावरून दुसरं काही बघायला तयार होतो. त्या सावरण्यात या कामगाराचा हात असतो. ते काम तो कॅल्शियमला धरून आणि सोडून करतो. हे धरणं आणि सोडणं मोजायचं, एवढंच तिचं काम. प्रोटीन म्हणजे एक लांब धागा, पण नुसत्या धाग्याचा उपयोग नसतो. तो ठरावीक पद्धतीनं घडी घालून बसलेला असेल तरच काम करतो. उबेत राहिला की घडी विस्कटते, आणि एकदा विस्कटली की पुन्हा गोठवून बसत नाही. म्हणून वजा वीसला ठेवायचं आणि एकदा वितळवलं की त्याच दिवशी वापरून टाकायचं.

"घरात कुणाला डोळ्याचा त्रास हाय काय?" मी विचारलं होतं. मला वाटलं, एवढ्या पोटतिडकीनं करतेय म्हणजे काहीतरी असेल.

"न्हाय. सरांच्या प्रकल्पात एक जागा रिकामी हुती, म्हणून डोळा. किडनीची असती तर किडनी."

ते थेंब तिनं चोवीस इवल्या नळ्यांत वाटून ठेवले. एक नळी म्हणजे एका दिवसाचा प्रयोग. वाटताना मी शेजारी उभा होतो. सुईत दोरा ओवणाऱ्या घरातली पोर, तिचा हात जराही हलला नाही. नळ्यांचा डबा आम्ही कोपऱ्यातल्या लहान फ्रीजरमध्ये ठेवला. त्या फ्रीजरमध्ये तिच्याशिवाय कुणाचंच कामाचं काही नव्हतं.

पहिल्या चार नळ्यांचे प्रयोग झाले. चारही वेळा आलेख हवा तसा वर चढला. सरांनी, म्हणजे तिच्या मार्गदर्शकांनी, चहा मागवला. चौथा आलेख छापून तिनं टेबलासमोर भिंतीवर चिकटवला.

मग खंडेनवमी आली.

खंडेनवमीला आम्ही यंत्रांची पूजा करतो. आदल्या दिवशी सगळी यंत्रं पुसायची आणि पूजेच्या दिवशी दुपारी बंद करून हळद-कुंकू, झेंडूची माळ आणि समोर नारळ. तासभर यंत्राला विसावा द्यायचा, मग पुन्हा सुरू. इतर विभागांत ही पद्धत नुसती फोटोपुरती उरलीय. आमच्याकडे ती माझ्यामुळे टिकून होती, याचा मला अभिमानही होता. सरांना ती फारशी पटायची नाही.

"मामा, बाकीचं काय करायचं ते करा, पण फ्रीजर कशाला बंद करताय?"

"तासाभरानं काय होतंय सर? दार उघडलं न्हाय की तसाच थंड राहतोय."

"बघा बुवा. तुमच्या जबाबदारीवर."

हे त्यांचे शब्द. तुमच्या जबाबदारीवर. ती शेजारीच फुलं ओवत बसली होती. फुलं तिनंच वडगावच्या बाजारातून आणली होती. म्हणाली, "आमच्या अब्बांना या आठ दिवसांत जेवायला सवड नसती. साऱ्या पंचक्रोशीतल्या मशिनी तेल-पाण्याला येत्यात. पूजा तुमची आणि घाम अब्बांचा." सगळे हसले. सरही.

लहान फ्रीजरचं बटणही मी स्वतः बंद केलं. पूजा झाली, प्रसाद झाला, फोटो झाले. एक माळ उरली होती. भिंतीवरचा बटणांचा बोर्ड उघडा-बोडका दिसतो म्हणून ती मी बोर्डवर सोडली. फुलं दाट होती. लहान फ्रीजरचं बटण त्यांच्याखाली गेलं. मग एकेक यंत्र सुरू करत आलो. मोठी यंत्रं, दुसरा फ्रीजर, पाण्याचं यंत्र. लहान फ्रीजर राहिला. बटण दिसलं असतं तर दाबलं असतं. पण ते दिसलं नाही आणि मला आठवलंही नाही, हे दोन्ही खरं आहे. आणि माळ तिथं मीच घातली होती.

तो गुरुवार. शुक्रवारी दसरा, पुढं शनिवार-रविवार. तिन्ही सकाळी मी येऊन तापमान बघायचं होतं. शुक्रवारी राधानगरीहून सासरची माणसं आली होती आणि संध्याकाळी सगळ्यांना दसरा चौकात सोहळा बघायला न्यायचं होतं. शनिवारी पाहुण्यांना सोडायला गेलो. रविवारी काहीच नव्हतं. रविवारी मी घरी होतो, पेपर वाचत होतो. मनात आलंही होतं, जाऊन यावं. मग म्हटलं, एवढी वर्षं कधी काही झालंय का.

सोमवारी कुलूप उघडून आत गेलो तर फरशीवर पाणी. मला पहिल्यांदा वाटलं, नळ गळतोय. मग पाण्याची रेघ कुठून येतेय ते दिसलं. फ्रीजरचं दार उघडलं तेव्हा आतून गार हवा आली नाही. कोंदट, ओल्या पुठ्ठ्याचा वास आला. तिचा डबा हातात घेतला. कोमट होता. आत वीस नळ्या आणि प्रत्येकीच्या तळाशी पाण्यासारखा स्वच्छ थेंब.

तिथं मी किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक. नंतर जे केलं ते मात्र फार पटापट केलं. माळ बाजूला केली, बटण दाबलं. पाणी पुसलं, पुठ्ठे बदलले, डबा पुसून जागेवर ठेवला. वहीत तीन दिवस रिकामे होते. एकाच पेनानं लिहिलेलं दिसू नये म्हणून खिशातलं दुसरं पेन काढलं. सगळे आकडे सारखे दिसू नयेत म्हणून एकात फरक केला. इतकी अक्कल त्या घाईत कुठून आली, याची आजही मला भीती वाटते.

माझी नोकरी कायम होती. सांगितलं असतं तर गेली नसती. गेली असती तर निदान तेवढी सबब तरी असती. मला भीती वाटली ती सरांच्या तोंडाची. 'बघा, तुमची पूजा' असं ते म्हणाले असते आणि पुढची दहा वर्षं दर खंडेनवमीला ते कुणीतरी हसत सांगितलं असतं. मामांच्या हातून कधी काच फुटत नाही, असं आमच्याकडे म्हणायचे. त्यासाठी मी हे केलं. दुसरं कारण शोधून बघितलंय, सापडलं नाही.

दहाच्या सुमाराला ती आली. ओढणीच्या टोकात आपट्याची पानं बांधून आणली होती.

"सोनं घ्या मामा. शिळं हाय, पण सोनं हाय."

माझे हात पोछ्याच्या पाण्यानं ओले होते. पँटला पुसले आणि घेतलं. ती फ्रीजरकडे बघून म्हणाली, "चकाचक केलाया की."

त्या आठवड्यातला तिचा आलेख आडवा आला. जराही न चढता, सरळ रेघ. ती म्हणाली, काहीतरी चुकलं असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग तिनं पाणी बदललं, क्षार बदलले, मापाच्या नळ्या तपासून आणल्या. मी तिची भांडी तीन-तीनदा धुऊन देऊ लागलो. "मामा, एवढं कशाला?" म्हणायची. मी म्हणायचो, "धुतलेलं बरं असतंय." तिनं प्रोटीनच्या वजनाची तपासणीही केली. प्रोटीन जागेवर होतं, तुटलेलं नव्हतं. फक्त घडी मोडली होती आणि त्या तपासणीत घडी दिसत नाही. पण सरांना ते पुरेसं वाटलं. माल शाबूत आहे, म्हणजे हात चुकतोय.

एक दिवस ती माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"मामा, एक विचारू? रागवू नका."

"बोल की."

"दसऱ्याच्या सुट्टीत फ्रीजर बंद पडलावता काय? लाईट गेलती का कुठं?"

मला अजूनही वाटतं, तिला सगळं कळलं होतं, फक्त माझ्या तोंडून हवं होतं. किंवा तसं काहीच नसेल. मी उठलो, दारावरची वही काढली, ते पान उघडलं आणि तिच्यासमोर धरलं. तिनं एकेका आकड्यावर बोट ठेवून वाचलं.

"तुम्ही सुट्टीतबी आलावता?"

"व्हय."

"माफ करा मामा. उगीच तुमच्यावर शंका घेतली. माझंच कायतरी चुकतंय."

ती माफी मी घेतली.

नळ्या संपत चालल्या. सात उरल्या असताना एका दुपारी सरांनी तिला खोलीत बोलावलं. दार उघडं होतं आणि मी बाहेर काचेच्या कपाटाशी होतो. ते आवाज चढवत नाहीत. हळूच विचारलं, "पहिले चार आलेख कुठून आणलेस?"

"मी केलेत, सर."

"मग आता का येत नाहीत? तीच तू, तेच प्रोटीन."

"माहीत नाही, सर."

"मला एवढंच सांग, ते आकडे तू यंत्रावर बघून लिहिलेस ना? घाई असते, दडपण असतं, मी समजू शकतो. खरं सांगितलंस तर आपण मार्ग काढू."

ती बाहेर आली तेव्हा माझ्याकडे न बघता सरळ जिन्यानं खाली गेली. त्या खोलीत जाऊन बोलायला मला चार पावलं टाकायची होती. माझ्या हातात चोख पुसलेली चंचुपात्रं होती. ती मी कपाटात लावत राहिलो, मोठी मागं, लहान पुढं.

उरलेल्या सातही नळ्या तिनं वापरल्या. सगळ्या आडव्या. नवी कुपी मागवायला सर तयार झाले नाहीत. तिची शिष्यवृत्तीची मुदत संपत आली तेव्हा तिनं वाढ मागितली नाही. भिंतीवरचा आलेख कधी काढला ते मला दिसलं नाही. शेवटच्या दिवशी तिनं तिचं टेबल ओल्या फडक्यानं पुसलं आणि मला म्हणाली, "येते मामा." मी म्हणालो, "येत जा." एवढंच.

वर्षा-दीड वर्षानं सरांकडे दुसरा विद्यार्थी आला. त्याच्यासाठी तेच प्रोटीन, तशीच कुपी मागवली. पहिल्याच दिवशी आलेख चढला. सर त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "असा असतो खरा आलेख." मग माझ्याकडे वळून, "बघा मामा, प्रोटीनमध्ये दोष नव्हताच."

मी मान हलवली.

त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर मी जुन्या वह्यांच्या कपाटातून तिची वही काढली. पहिल्या प्रयोगाचा आलेख त्यात चिकटवलेला होता. नव्या मुलाचा कागद त्यावर ठेवला आणि दोन्ही खिडकीच्या काचेवर धरले. उतरतं ऊन होतं, आरपार दिसत होतं. दोन्ही रेघा एकमेकींवर बसल्या. सुरुवातीचा थोडा फरक सोडला तर एकाच हातानं काढल्यासारख्या. एवढा पुरावा हातात घेऊन मी तिथं उभा होतो आणि सर अजून गाडीपर्यंतसुद्धा पोचले नसतील. मी वही मिटली, कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं.

तेव्हापासून माझं एक सुरू झालंय. घरातून निघालो की फाटकापासून परत येतो, बटणं बघतो. गिझर, मिक्सर, टीव्ही. कोपऱ्यावरून पुन्हा परततो. बायको म्हणते, "काय हरवलंय का तुमचं?" फोन वाजला की आधी संस्थेचा नाही ना ते बघतो. ऑफिसात कुणी जुनी वही मागितली तर दुसऱ्या कुणाच्या आधी मीच उठून आणून देतो. ते पान कधी कुणी नीट बघेल, दोन शाया दिसतील, विचारेल, असं रोज वाटतं. इतक्या वर्षांत कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, असंही वाटतं, आणि लगेच वाटतं, नको.

गेल्या पावसाळ्याआधी एका सोमवारी, बाजाराच्या दिवशी, मी वडगावला गेलो. सांगायचंच असं ठरवून गेलो होतो. आमच्या घरच्या शिलाई मशीनचं डोकं पिशवीत घेतलं होतं, दुकानात शिरायला निमित्त पाहिजे म्हणून. तिचे वडील स्टुलावर बसून सुई बसवत होते.

"या पावणं, बसा. काय म्हनतंय मशीन?"

"दोरा तुटतोय सारखा."

त्यांनी झाकण काढलं, चाक फिरवून बघितलं. "ह्याला काय बी झालेलं न्हाय. कुठनं आलाय?"

मी संस्थेचं नाव सांगितलं. त्यांनी हात थांबवला.

"मामा तुम्हीच का?"

"व्हय."

"अहो, मग आधी सांगायचं न्हाय का." त्यांनी समोरच्या टपरीला हाक मारून चहा सांगितला. "लई नाव घ्यायची तुमचं. म्हनायची, तिथं एकट्या मामांनी कधी वाकडं तोंड केलं न्हाय."

मी विचारलं, ती कशी आहे. ते म्हणाले, हातकणंगल्याच्या बाजूला एका शाळेत विज्ञान शिकवते. बरं चाललंय. लग्न झालंय, जावई चांगला आहे.

"पर एक खोड लागलीया तिला," ते चाक पुसत म्हणाले. "पोरांकडनं प्रयोग करून घेती, तवा फळ्यावर आकडा लिवायचा झाला तर सोता लिवत न्हाय. एका पोराला वाचाया लावती, दुसऱ्याला लिवाया, आन् तिसऱ्याची सही. हेडमास्तर हसत्यात. मी म्हनलं, का गं असं? तर म्हनती, अब्बा, माझ्या एकटीच्या आकड्यावर कोन इस्वास ठेवनार." मग माझ्याकडे बघून विचारलं, "तिथं काय झालतं वो मामा? तिनं आम्हांला कधी सांगितलं न्हाय."

चहा आला होता. कपबशी मी न पिताच खाली ठेवली. म्हणालो, "प्रयोगाचं कधीकधी जमत न्हाय. तिची काय चूक नव्हती."

"ते आम्हांला ठावं हाय," ते म्हणाले. "तिला कोन सांगनार?"

मशीनला त्यांनी दोन थेंब तेल सोडलं आणि पिशवीत घालून दिलं. मी परत आलो.

हे आधी तिच्यासमोर बोलायला हवं होतं. कागदावर आधी उतरलं, हीही पळवाटच, हे मला कळतंय. तरी लिहिलं, कारण एकदा लिहिलेलं मला आता मागं घेता येणार नाही.

तिच्याकडे जाऊन, तिच्या तोंडावर, मला सांगायचं आहे की फ्रीजर मी बंद ठेवला, वही मी खोटी लिहिली आणि तिचे चारही आलेख खरे होते. हेच मला सरांना सहीनिशी लेखी द्यायचं आहे. यातलं एकही मी अजून केलेलं नाही.